सातवी वायर

"तुझं गाव कुठलं?" हा प्रश्न होस्टेलमध्ये पहिल्या आठवड्यात निदान पन्नास वेळा तरी विचारला जातो. "चिंचपाडा" असं म्हटलं की समोरचा गप्प. मग "तालुका नवापूर, जिल्हा नंदुरबार" असं सांगावं लागतं. तरीही चेहऱ्यावर प्रकाश पडला नाही, तर शेवटचं हत्यार काढायचं : "ज्या स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे, ते नवापूर माहीत आहे ना? त्याच्या जवळचं." मग मात्र सगळे "अरे हो हो" म्हणतात, आणि आपण एकदाचे नकाशावर येतो.

आमच्या गावाजवळून दोन गोष्टी रात्रंदिवस धावत असतात. एक सुरत-भुसावळ रेल्वे आणि दुसरा सुरत-धुळे-नागपूर हायवे. हा हायवे पूर्वी सहा नंबरचा होता, आता तो त्रेपन्न नंबरचा झाला आहे. पण आमच्याकडची जुनी माणसं अजून त्याला "सहा नंबर"च म्हणतात. धुळ्याकडून येणारी जड वाहनं कोंडाईबारीचा घाट उतरून विसरवाडीमार्गे आमच्याकडे येतात आणि पुढे गुजरातेत शिरतात. या रस्त्यावर कंटेनर असतात, लक्झरी असतात, गॅसचे टँकर असतात. आणि गळीत हंगाम सुरू झाला की त्यांच्याच रांगेत ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या वेगाने चालणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्याही असतात. नवापूर तालुक्यात डोकारे येथे आदिवासी सहकारी साखर कारखाना आहे, हे इकडच्या बऱ्याच मित्रांना माहीत नसतं. नंदुरबार म्हटलं की त्यांना फक्त मिरची आठवते!

हा लेख त्या ट्रॉलीच्या मागच्या लाल दिव्याबद्दल आहे. विषय ऐकून हसू येईल, पण थोडं थांबा.

माझ्या मामाकडे एक ट्रॅक्टर आणि दोन चाकांची ट्रॉली आहे. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला. शेतीच्या कामातून डिझेल सुटतं, पण हप्ता सुटतो तो उसाच्या वाहतुकीतून. ही वाहतूक बहुतेक रात्रीचीच. दिवसभर तोड चालते, संध्याकाळी ट्रॉली भरते आणि अंधार पडल्यावर निघते. कारखान्यावर नंबर लागून खाली होईपर्यंत मध्यरात्र उलटते. परत येताना ट्रॉली रिकामी आणि मामा अर्धवट झोपेत. मामी दारातला दिवा चालू ठेवून जागी असते. मोबाईल असूनही ती फोन करत नाही, कारण "चालवताना उचलला तर?" असं तिचं म्हणणं.

गेल्या हंगामाआधी शेजारच्या पाड्यातला एक मुलगा गेला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आयटीआय झालेला, नुकताच कामाला लागलेला. रात्री मोटारसायकलवरून घरी येत होता. रस्त्याच्या कडेला एक ट्रॉली उभी होती. पंक्चर झालेली, ट्रॅक्टर सोडून नेलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, साधी फांदीसुद्धा लावलेली नाही. ट्रॉली मामाची नव्हती. पण त्या दिवसापासून मामा जरा गप्पच झाला. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा चहाचा कप हातात देण्याआधीच म्हणाला, "भाचा, तू इलेक्ट्रिकलचा ना? मग आपल्या ट्रॉलीचे दिवे बघ बरं. तीन वेळा बल्ब बदलले. दुकानात लागतात, रस्त्यावर जातात."

आता व्हायवाला "व्हॉट इज कर्शॉफ्स लॉ?" विचारलं तर आपण डोळे मिटून सांगतो. पण समोर ट्रॉली, हातात पक्कड, आजूबाजूला सात-आठ बघे आणि त्यातला प्रत्येक जण आपापला सल्ला देतोय, ही व्हायवा वेगळीच असते. एक्स्टर्नल परवडला!

आधी लक्षणं नीट लिहून काढली. वहीत लिहून ठेवायची सवय आमच्या लॅब असिस्टंट सरांनी लावली आहे, ती इथे कामाला आली.

एक : ट्रॉली भरलेली असताना दिवे बहुतेक वेळा ठीक चालतात. रिकामी असताना बिघडतात.

दोन : मागचे लाल दिवे चालू ठेवून इंडिकेटर दिला, तर लाल दिवेही त्याच तालावर मंद-तेज होतात.

तीन : लाल दिवे चालू असताना ब्रेक दाबला, तर मागचा प्रकाश वाढण्याऐवजी कमी होतो. आणि दोन्ही इंडिकेटर, कुणी सांगितलेलं नसताना, मिणमिणायला लागतात.

तिसरं लक्षण पुन्हा एकदा वाचा. मागच्याला "मी थांबतोय" असं सांगायच्या नेमक्या क्षणी ट्रॉली अंधारात जात होती. ब्रेक न दाबता नुसतं मागे जाऊन बघितलं, तर दोन्ही लाल दिवे व्यवस्थित लागलेले दिसत. म्हणूनच दुकानात सगळं "ओके" निघायचं.

बघ्यांपैकी कोणी म्हणालं बल्ब डुप्लिकेट आहेत, कोणी म्हणालं बॅटरी उतरली, कोणी म्हणालं फ्लॅशर बदला. सगळेच पार्ट बदलायला निघालेले. पण दोष पार्टमध्ये असता, तर तो ट्रॉली भरलेली आहे की रिकामी हे कशाला बघत बसला असता? बल्बला उसाचं वजन कसं कळणार?

मी होस्टेलवरून मल्टिमीटर नेला होता. बल्बच्या होल्डरमध्ये बल्ब काढून मोजलं : बारा व्होल्ट. बल्ब लावला, ब्रेक दाबला : अंधार. मामा म्हणाला, "तुझं मशीन तर चांगलं सांगतंय!" मशीन खोटं सांगत नव्हतं, पण त्याला विचारलेला प्रश्न वेगळा होता. इथे थोडं गणित करू. इतर शाखांच्या मित्रांनी घाबरू नये, दहावीचंच आहे.

ब्रेकचा बल्ब २१ वॉटचा असतो. १२ व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर करंट घेतो. म्हणजे पेटलेल्या बल्बचा रेझिस्टन्स सुमारे सात ओहम. आता वाटेत कुठेतरी गंजलेला जोड आहे आणि त्याचाही रेझिस्टन्स सात ओहम आहे असं धरा. बारा व्होल्ट दोघांत वाटले जातील, बल्बच्या वाट्याला येतील सहाच्या आसपास. तुम्ही म्हणाल, मग निम्मा तरी उजेड पडेल. तसं होत नाही. फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलतो. व्होल्टेज निम्मं झालं तर प्रकाश जेमतेम दहावा हिस्सा उरतो. व्होल्टेज नुसतं दहा टक्क्यांनी उतरलं, तरी प्रकाश तीस टक्क्यांनी कमी होतो.

आणि मीटर? साध्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स एक कोटी ओहमच्या घरात असतो. एक कोटीपुढे सात ओहमचा गंज म्हणजे काहीच नाही. करंट जवळपास वाहतच नाही, मग व्होल्टेज पडणार कुठे? म्हणून मीटर बिनधास्त बारा दाखवतो. बंद नळाला प्रेशर गेज लावून टाकी भरलेली आहे म्हणण्यासारखं हे आहे. पाइपमध्ये कचरा अडकला आहे की नाही, ते नळ सोडल्याशिवाय कसं कळणार?

आमच्याकडच्या रस्त्यावर एक वयस्कर चाचा आहेत. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. शाळा चौथीपर्यंत. त्यांच्याकडे मीटर नाही. एक होल्डर, त्यात इंडिकेटरचा बल्ब, दोन लांब वायरी आणि त्यांच्या टोकांना चिमटे, एवढंच त्यांचं यंत्र. मी विचारलं, "चाचा, मीटर का नाही घेत?" ते म्हणाले, "बेटा, मीटर बोलतो, बल्ब काम करून दाखवतो." लोडवर टेस्टिंग करण्याचं महत्त्व याहून कमी शब्दांत मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

त्यांच्या पद्धतीने बघायला लागलो. टेस्ट बल्बचा एक चिमटा ट्रॉलीच्या ब्रेकच्या वायरला लावला, ब्रेक दाबायला मामीला ट्रॅक्टरवर बसवलं. ती पहिल्यांदाच त्या सीटवर बसली असावी, कारण मामा जरा चुळबुळ करत होता. दुसरा चिमटा ट्रॉलीच्या बॉडीला लावला : बल्ब मिणमिण. तोच चिमटा लांब वायरीने ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या निगेटिव्हला लावला : बल्ब एकदम लख्ख! म्हणजे येणारा करंट व्यवस्थित येत होता. त्याला परत जायची वाटच नव्हती.

मग मीटरला योग्य प्रश्न विचारला. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा ट्रॉलीच्या बॉडीवर, लाल दिवे चालू, ब्रेक दाबलेला. खरं तर दोन्ही अर्थच. फरक शून्याच्या जवळ हवा. मीटरने सातच्या वर आकडा दाखवला. बारातले सात व्होल्ट वाटेतच खर्च होत होते.

आता मागच्या भानगडीचा उलगडा ऐका. ट्रॉलीचा प्लग सात पिनांचा असतो. ठरलेल्या पद्धतीप्रमाणे पहिली पिन डाव्या इंडिकेटरची, चौथी उजव्या इंडिकेटरची, पाचवी आणि सातवी उजव्या-डाव्या लाल दिव्यांची, सहावी ब्रेकची, दुसरी मागच्या फॉग लॅम्पची. आणि तिसरी, पांढऱ्या वायरीची पिन, ती अर्थची. दिवा लावायला जाणारी वायर सगळ्यांना कळते, कारण ती नसली तर दिवा लागतच नाही. परतीची वायर कोणाच्या हिशेबात नसते. मामाच्या ट्रॉलीत तिसऱ्या पिनेला वायरच नव्हती. जुन्या कारागिराने सगळा भरवसा हूकवर ठेवलेला. ट्रॅक्टरचा हूक लोखंडाचा, ट्रॉलीचा दांडा लोखंडाचा, मधली पिन लोखंडाची, मग वेगळी वायर कशाला?

ट्रॉली रबरी टायरवर उभी असते, त्यामुळे जमिनीतून करंट परत जायचा प्रश्नच नाही. उरला तो एकटा हूक. त्यावर ग्रीस, माती आणि गंज यांचे थर. ट्रॉली भरली की दोन चाकांच्या ट्रॉलीचं बरंच वजन दांड्यावर येतं, दांडा हूकवर दाबून बसतो, लोखंडाला लोखंड टेकतं आणि दिवे लागतात. ट्रॉली रिकामी झाली की दांडा पिनेभोवती खुळखुळतो. म्हणजे बल्बला खरोखरच उसाचं वजन कळत होतं!

अर्थ तुटला की करंट गप्प बसत नाही, तो चोरवाटा शोधतो. लाल दिव्याचा करंट ट्रॉलीच्या बॉडीत येतो, तिथून ब्रेकच्या बल्बमधून उलटा शिरतो, ब्रेकच्या वायरीने ट्रॅक्टरपर्यंत जातो आणि ट्रॅक्टरच्या ब्रेक बल्बमधून अर्थला मिळतो. मोठ्या बल्बचं थंड फिलामेंट जवळजवळ शॉर्टसारखंच असतं, त्यामुळे लाल दिवे ठीक दिसतात. पण ब्रेक दाबला की त्याच वायरीत समोरून बारा व्होल्ट येतात आणि चोरवाट बंद होते. उरते ती इंडिकेटरच्या बल्बांतून जाणारी वाट. म्हणून लाल दिवे मंदावतात आणि इंडिकेटर मिणमिणतात. परीक्षेत जे सर्किट काढताना आपण कंटाळतो, तेच इथे हायवेवर मध्यरात्री चालू होतं.

दुरुस्तीला अर्धा दिवस लागला आणि खर्च तीनशे रुपयांच्या आत आला. अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर ट्रॅक्टरच्या चासीपासून प्लगच्या तिसऱ्या पिनेपर्यंत आणि तिथून ट्रॉलीच्या चासीपर्यंत टाकली. जिथे जोडायची तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला. वायरीच्या टोकाला थिंबल दाबली, दातेरी वॉशर घालून नटबोल्ट आवळला आणि वरून ग्रीस फासलं. नुसती वायर पिळून टेप गुंडाळायची नाही, हे चाचांनी दोनदा बजावलं. प्रत्येक दिव्यापासून या मुख्य अर्थपर्यंत वेगळी वायर आणली, कारण दिव्याचा पत्रा ट्रॉलीला ज्या स्क्रूने बसवलेला असतो, तो स्क्रूही गंजणारच. सगळं झाल्यावर रिकामी ट्रॉली, दिवे चालू, ब्रेक दाबलेला, आणि मीटर पुन्हा त्याच दोन ठिकाणी. शून्य पॉइंट एक. मामीने ब्रेकवरून पाय काढला, परत दाबला, परत काढला. अंगणात लाल उजेड कमी-जास्त होत होता आणि पोरं टाळ्या पिटत होती.

ज्यांना हे फक्त आपल्या जुनाट ट्रॉल्यांचं दुखणं वाटतं, त्यांच्यासाठी एक गंमत. परदेशात हौशी लोक आपली बोट गाडीमागच्या ट्रेलरवरून तळ्यावर नेतात. बोट पाण्यात सोडताना ट्रेलरही मागच्या बाजूने पाण्यात उतरवावा लागतो. पेटून तापलेल्या बल्बवर गार पाणी पडलं की काच तडकते आणि होल्डरमध्ये पाणी शिरून जोड गंजतात. म्हणून जाणकार लोक पाण्यात उतरण्याआधी प्लग काढून ठेवतात आणि दिवे गार होऊ देतात. त्यांच्याही ट्रेलरच्या दिव्यांत बिघाड झाला की पहिला संशय अर्थवरच घेतला जातो. आमच्याकडे उकाई धरणाचं पाणी नंदुरबार जिल्ह्यापर्यंत पसरलेलं आहे, तिथे मासेमारीच्या होड्याही आहेत. पण आमची ट्रॉली पाण्यात उतरते ती पावसाळ्यात फरशीवरून नाला ओलांडताना. पाणी तळ्याचं असो की नाल्याचं, तांबं आणि लोखंड यांची त्याच्याशी सारखीच दुश्मनी.

सातवी वायर लागली आणि ब्रेकचा प्रश्न सुटला. पण शेजारच्या पाड्यातला तो मुलगा चालत्या ट्रॉलीला धडकला नव्हता. ट्रॅक्टर सोडून नेलेल्या उभ्या ट्रॉलीचे दिवे लागणारच नाहीत, कारण बॅटरी ट्रॅक्टरवर असते. कितीही उत्तम वायरिंग करा, प्लग काढला की सगळं मुकं.

रात्री वहीत हिशेब केला. ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे सतरा मीटर. समोर काही दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर पंचवीस मीटर गेलेच. नंतर थांबायला चांगल्या रस्त्यावरही सुमारे अठ्ठावीस मीटर. एकूण त्रेपन्न. मोटारसायकलच्या डिपरच्या उजेडात मळकट, काळपट ट्रॉली दिसते ती तीस-चाळीस मीटरवर. आकडे खालीवर होतील, पण वजाबाकीचं उत्तर बदलत नाही. त्याला थांबायला जागाच नव्हती. हे मी मामाला सांगितलं नाही. वही मिटून ठेवली.

या ठिकाणी कामाला येतो तो रिफ्लेक्टर. त्याला वायर नाही, बल्ब नाही, अर्थ नाही. आतल्या छोट्या छोट्या कोपऱ्यांवर आपटून प्रकाश जिथून आला तिथेच परत जातो. म्हणजे समोरच्याचा उजेड वापरून आपण त्याच्याच डोळ्यांत दिसतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत दिवे लावणं बंधनकारक आहे आणि ट्रेलरच्या मागे लाल रिफ्लेक्टर असणंही. हंगामात कारखान्यांवर आरटीओचे लोक येऊन रिफ्लेक्टर लावतात, त्याचे फोटो पेपरात आपण बघतोच. पण उसाची मोळी मागे लोंबली की रिफ्लेक्टरही झाकतो आणि दिवाही. म्हणून आम्ही मामाच्या ट्रॉलीचे दिवे आणि लाल पट्टी फाळक्यावर न लावता खाली चासीला आडवी पट्टी वेल्ड करून तिच्यावर लावली. उसाचे शेंडे तिथपर्यंत पोचत नाहीत. शिवाय एक रिफ्लेक्टरचा त्रिकोण सीटखाली टाकला. ट्रॅक्टर सोडून जायची वेळ आली, तर तो मागे पन्नास पावलांवर ठेवायचा, हे मामीने मामाकडून वदवून घेतलं.

नंतर त्या सुट्टीत मी आणि चाचा मिळून गावातल्या आणि आसपासच्या पाड्यांवरच्या अकरा ट्रॉल्या तपासल्या. चार ट्रॉल्यांत अर्थची वायर नव्हती. तीन ठिकाणी होती, पण रंगावरच आवळलेली. दोन ट्रॉल्यांना प्लगच नव्हता. फक्त दोन ठीक निघाल्या. चाचांनी मजुरी घेतली नाही, मी मागितली नाही. चहा मात्र इतका झाला की रात्री झोप येईना. त्या मुलाचे वडीलही एका ट्रॉलीजवळ येऊन उभे राहिले होते. काही बोलले नाहीत. काम होईपर्यंत त्यांनी बॅटरी धरली आणि मग निघून गेले.

आपल्या होस्टेलमध्ये नगर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर, बीड, कुठकुठली ऊसपट्ट्यातली मुलं आहेत. स्टाफमधल्याही बऱ्याच जणांच्या घरी ट्रॅक्टर आहे. दिवाळीच्या आगेमागे हंगाम सुरू होतो आणि आपल्यालाही तेव्हाच सुट्टी असते. गावी गेलात की ट्रॉली रिकामी असताना, अंधार पडल्यावर, एवढंच करा. दिवे चालू करा. घरातल्या कोणालातरी ब्रेकवर बसवा. आणि स्वतः वीस पावलं मागे जाऊन उभे राहा. ब्रेक दाबल्यावर उजेड वाढला तर उत्तम. कमी झाला, तर बल्ब बदलू नका, परतीची वायर शोधा.